रुपन्देही उभा वाचावा: नेपाळच्या तराईतल्या एका जिल्ह्याची पहिली ओळख

दरवर्षी थंडीत महाराष्ट्रातून बौद्ध तीर्थयात्रेच्या गाड्या निघतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत सोनौलीला सीमा ओलांडतात, लुंबिनीत दोन-तीन तास थांबतात आणि बहुतेकदा त्याच दिवशी माघारी फिरतात. माझी आत्या अशाच एका गाडीने जाऊन आली. नेपाळ कसं वाटलं, असं विचारलं तर म्हणाली, "कसलं नेपाळ रे, एक डोंगर दिसेल तर शपथ. गोरखपूरला होतं तसंच सगळं. शेतं, म्हशी आणि धुकं."

आत्याचं चुकलं नव्हतं. ती ज्या जिल्ह्यात गेली होती त्या रुपन्देहीचा दक्षिण भाग म्हणजे गंगेच्या मैदानाचाच पुढचा तुकडा आहे. फक्त तिची गाडी लुंबिनीहून उत्तरेला आणखी तासभर गेली असती तर त्याच जिल्ह्यात डोंगर आडवा आला असता, आणि त्याबरोबर भाषा, घरांची ठेवण, माणसांचे चेहरेही बदलले असते. रुपन्देही पूर्व-पश्चिम फिरलात तर सगळीकडे एकसारखा वाटतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत गेलात तरच तो उलगडतो. यात्रेला, अभ्यासाला किंवा कामानिमित्त तिकडे पहिल्यांदा जाणार असाल तर पुढच्या क्रमाने चला.

पहिली पायरी: नकाशावर बोट सरळ वर न्या

नकाशात सोनौली शोधा. सीमेपलीकडे लगेच बेलहिया हे नेपाळचं नाकं आहे. तिथून चारेक किलोमीटरवर भैरहवा, मग तिलोत्तमा आणि मग बुटवल. सीमेपासून बुटवलपर्यंत जेमतेम सत्तावीस किलोमीटर. याच रस्त्याचं नाव सिद्धार्थ राजमार्ग. पुढे तो पाल्पाचे डोंगर चढून पोखऱ्याला जातो. पूर्वेला नवलपरासीचा पश्चिम भाग, पश्चिमेला कपिलवस्तु, उत्तरेला पाल्पा आणि दक्षिणेला उत्तर प्रदेशातले महाराजगंज आणि सिद्धार्थनगर हे जिल्हे. एकूण क्षेत्रफळ १,३६० चौरस किलोमीटर. आपल्याकडचा एखादा मोठा तालुका एवढा भरतो.

या सत्तावीस किलोमीटरांत जमिनीचे तीन पट्टे येतात. खाली समुद्रसपाटीपासून साधारण शंभर मीटर उंचीचं गाळाचं मैदान. वर चुरे, म्हणजे शिवालिकाची ठिसूळ डोंगररांग. आणि या दोहोंच्या मधे भावर. नवखा माणूस नेमका भावराकडेच दुर्लक्ष करतो, कारण तिथे बघण्यासारखं काही नसतं. दगडगोटे, वाळू आणि साल वृक्षांची शिल्लक राहिलेली झाडी. पण जिल्ह्याचं पाणी इथे ठरतं. डोंगरातून उतरणारे ओढे भावरात शिरले की गोट्यांमधून खाली मुरतात. उन्हाळ्यात तर पात्रात फक्त पांढरे दगड उरतात. मुरलेलं पाणी दक्षिणेला मैदानाखाली साठतं. भैरहवा-लुंबिनी भागात खोल कूपनलिकांची सरकारी सिंचन योजना आली ती याच साठ्याच्या भरवशावर.

नद्यांपैकी तिनाऊचं नाव लक्षात ठेवा. पाल्पाच्या डोंगरातून येते, बुटवलजवळ अरुंद खोऱ्यातून बाहेर पडते आणि मोकळी जागा मिळताच पसरते, फाटे फोडते. पावसाळ्यात तिचा आवाज बाजारापर्यंत येतो. चैत्रात मुलं तिच्या पात्रात क्रिकेट खेळतात.

तिनाऊच्या पाण्यावरच बुटवलच्या दक्षिणेला छत्तीस मौजा आणि सोरह मौजा हे दोन जुने कालवे आहेत. सातबाऱ्यावर 'मौजे अमुक' वाचलेल्या मराठी माणसाला हा शब्द लगेच ओळखीचा वाटेल. छत्तीस गावांचा कालवा तो छत्तीस मौजा, सोळा गावांचा तो सोरह मौजा. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी थारू या तिथल्या जुन्या आदिवासी समाजाच्या शेतकऱ्यांनी खणलेले. सरकारी खातं नाही, इंजिनिअर नाही, मुख्य बांध दगडांचा आणि झाडपाल्याचा, पुराने वाहून गेला की पुन्हा घालायचा. त्यासाठी ज्याची जितकी जमीन त्याच्या हिशोबाने घरटी माणूस श्रमाला यायचा. या सक्तीच्या श्रमाला कुलारा म्हणतात ('कुलो' म्हणजे पाट). जगभरचे पाणीवाटपाचे अभ्यासक इथे येऊन गेले आहेत. आता त्या पाटांच्या काठी घरं उठली आहेत, शेताचे प्लॉट झाले आहेत आणि कुलाऱ्याला हात कमी पडतात. तिलोत्तमाच्या गल्लीत सिमेंटच्या घरांमधून वेगाने वाहणारा स्वच्छ पाट दिसला तर त्याला गटार समजू नका.

दुसरी पायरी: नावांचा गुंता आधीच सोडवा

इथे जवळपास प्रत्येक नवखा एकदा तरी फसतो. आमच्या ओळखीच्या एका ग्रुपने मुक्कामाचा पत्ता 'सिद्धार्थनगर' एवढाच लिहून घेतला होता. ड्रायव्हरने त्यांना उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात नेऊन सोडलं. हवं होतं नेपाळमधलं सिद्धार्थनगर, म्हणजेच भैरहवा. कागदोपत्री नाव सिद्धार्थनगर, लोकांच्या तोंडी भैरहवा. विचारताना भैरहवाच म्हणा.

लुंबिनीचे तर पाच अर्थ होतात. एक, बुद्धाचं जन्मस्थान. दोन, त्याच्याभोवतीची लुंबिनी सांस्कृतिक नगरपालिका. तीन, जुना लुंबिनी अंचल, म्हणजे काही जिल्ह्यांचा मिळून विभाग, जो आता अस्तित्वात नाही. चार, आजचा लुंबिनी प्रदेश, म्हणजे आपल्या भाषेत राज्य, ज्यात रुपन्देहीसकट बारा जिल्हे येतात. पाच, या नावाची हॉटेलं, बँका, शाळा, बसकंपन्या. जुन्या लेखांत 'लुंबिनी' वाचलंत की आधी साल बघा. या प्रदेशाची तात्पुरती राजधानी बुटवल होती. २०२० मध्ये ती दाङ जिल्ह्यातल्या देउखुरीला न्यायचं ठरलं, ते बुटवलवाल्यांना अजून रुचलेलं नाही.

जिल्ह्याचं नाव रूपादेवीवरून आलं असं सांगतात. १८९६ मध्ये अशोकाचा स्तंभ उजेडात आला तेव्हा गावकरी त्या जागेला रुम्मिनदेई म्हणत आणि तिथल्या मूर्तीला देवी मानून पूजत होते. ती मूर्ती मायादेवीची, म्हणजे बुद्धाच्या आईची होती.

तिसरी पायरी: पत्त्याची उतरंड पाठ करा

नेपाळची सध्याची रचना २०१५ च्या संविधानातून आली. सात प्रदेश, ७७ जिल्हे, ७५३ स्थानिक पालिका, आणि पालिकेत वडा, म्हणजे वॉर्ड. आपल्याकडे 'मु.पो., तालुका, जिल्हा' तसं तिथे पालिका, वडा क्रमांक, टोल (म्हणजे वस्ती). तालुका नावाची पायरीच नाही. त्यामुळे मराठी माणूस "तालुका कुठला?" विचारतो आणि समोरचा गोंधळतो. "कुन पालिका, कति नम्बर वडा?" असं विचारायचं.

रुपन्देहीत १६ पालिका आहेत. बुटवल ही उपमहानगरपालिका. सिद्धार्थनगर, तिलोत्तमा, देवदह, सैनामैना आणि लुंबिनी सांस्कृतिक या पाच नगरपालिका. उरलेल्या दहा गाउँपालिका, म्हणजे ग्रामीण पालिका: गैडहवा, कञ्चन, कोटहीमाई, मर्चवारी, मायादेवी, ओमसतिया, रोहिणी, सम्मरीमाई, सियारी, शुद्धोधन. ही यादी घोकायची गरज नाही, पण एक गोष्ट बघा: नगरपालिका बहुतेक महामार्गांना चिकटून आहेत आणि सीमेलगतचा दक्षिण पट्टा बहुतांशी गाउँपालिकांकडे आहे.

आणखी एक फरक. २०१५ नंतर जिल्ह्याचा अधिकार आटला. शाळा, रस्ते, शिफारशीचे दाखले पालिका आणि वडा बघतात. जिल्हा पातळीवर उरली जिल्हा समन्वय समिती, तिच्या हाती फारसा पैसा नाही. पण नागरिकता, पासपोर्ट, कायदा-सुव्यवस्था ही कामं प्रमुख जिल्हा अधिकाऱ्याकडे, लोकांच्या भाषेत सीडीओकडे. ते कार्यालय भैरहव्यात. जिल्ह्याचं मुख्यालय भैरहवा आणि सर्वांत मोठं शहर बुटवल. दोघांची चढाओढ जुनी आहे. चहाच्या टपरीवर हा विषय काढलात तर चहा थंड होईल.

चौथी पायरी: आकडे एकटे वाचू नका

नेपाळची बारावी जनगणना नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. रुपन्देहीची लोकसंख्या भरली ११,२१,९५७. काठमांडू आणि मोरङ यांच्यानंतर देशात तिसरा क्रमांक. दर चौरस किलोमीटरला सुमारे ८२५ माणसं. महाराष्ट्राची घनता २०११ मध्ये ३६५ होती.

हा आकडा एकटा काही सांगत नाही. २०११ मध्ये रुपन्देहीत ८,८०,१९६ लोक होते. दहा वर्षांत सव्वासत्तावीस टक्क्यांहून जास्त वाढ. त्याच दहा वर्षांत सगळा नेपाळ वाढला दहा टक्के. मग ही माणसं आली कुठून? उत्तरेला बघा. पाल्पा २.६१ लाखांवरून २.४५ लाखांवर उतरला. गुल्मी २.८० वरून २.४६ वर. अर्घाखाँची १.९८ वरून १.७७ वर. डोंगर रिकामे होतात आणि तिलोत्तमाचे प्लॉट भरतात. मुलगा आखातात किंवा कोरियात, त्याने धाडलेल्या पैशांतून खाली बुटवलजवळ चार कट्ठे जमीन, त्यावर दोन मजली घर, घरात सून आणि नातवंडं इंग्रजी शाळेसाठी, आणि म्हातारा-म्हातारी अजून वर गुल्मीतच. कोकणातला माणूस हे चित्र लगेच ओळखेल. मुंबईच्या जागी बुटवल घाला.

एक खबरदारी. सहा महिन्यांहून जास्त काळ परदेशी असलेल्यांना ही जनगणना स्थानिक लोकसंख्येत धरत नाही, त्यांची नोंद 'अनुपस्थित' म्हणून वेगळी होते. देशभरात असे सुमारे २१ लाख ९० हजार होते. तेव्हा घर भरलेलं दिसलं तरी आकड्यात एक-दोन माणसं गळालेली असू शकतात.

ही उतरण आजची नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तराईचा, म्हणजे डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या सपाट पट्ट्याचा, उत्तर भाग दाट जंगल होता, चारकोसे झाडी, आणि तिथे औल, म्हणजे मलेरिया. डोंगरातला माणूस उन्हाळ्यात-पावसाळ्यात खाली मुक्काम करायला धजत नसे. थारू मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथे टिकून होते. १९५० च्या दशकाच्या शेवटी मलेरियाविरुद्ध डीडीटीची मोहीम सुरू झाली, पाठोपाठ पूर्व-पश्चिम जाणारा महेंद्र राजमार्ग आला आणि डोंगराचं दार उघडलं. आज पर्वत, पहाड आणि तराई मिळून नेपाळची जी लोकसंख्या होते तिच्यातले ५३ टक्क्यांहून जास्त लोक तराईत राहतात. यात सर्वांत जास्त गमावलं कुणी? थारूंनी. ज्या जमिनीवर दुसरं कुणी टिकत नव्हतं ती निरोगी होताच कागदपत्रं करून घेणारे पुढे निघाले.

पाचवी पायरी: कोण कुठली भाषा बोलतं ते ऐका

भैरहव्यात रिक्षावाला भोजपुरीत दर सांगेल, दुकानदार हिंदीत, पोलीस नेपाळीत. पश्चिमेला लुंबिनीकडे सरकलात की भोजपुरीत अवधीची छटा येते. उत्तरेला बुटवलमध्ये नेपाळी, आणि तीही पाल्पा-गुल्मीच्या हेलाची, सोबत मगर या डोंगरी जमातीची भाषा. मधे थारूंची गावं. दक्षिणेत यादव, कुर्मी, लोध, मल्लाह, केवट, दलित जाती आणि मुस्लिम. उत्तरेत पहाडी बाहुन (म्हणजे ब्राह्मण), छेत्री, मगर, गुरुङ.

पहाडी (मूळ डोंगरातले) आणि मधेसी (मूळ सपाटीवरचे) हे शब्द नीट वापरा. सपाटीवरचा माणूस भोजपुरी बोलतो, त्याची सोयरीक सीमेपलीकडे होते, छठपूजा तो दोन्हीकडच्या नातेवाइकांबरोबर करतो, पण तो नेपाळी आहे. "तुम्ही तर आमचेच, भारतीयच दिसता" हे कौतुक म्हणून म्हणाल आणि त्याला ते झोंबेल. आयुष्यभर काठमांडूने त्याला हेच ऐकवलेलं असतं. २००७ चं मधेस आंदोलन याच दुखण्यातून उभं राहिलं. बोलताना नेपाळीभाषकाला दाइ किंवा दिदी, भोजपुरीभाषकाला भइया म्हटलंत तर काम सोपं होतं.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना धक्का बसतो तो वेगळ्याच गोष्टीचा. बुद्धाच्या जन्मस्थानाभोवतीच्या गावांत बौद्ध वस्ती अगदी थोडी आहे. आसपास हिंदू मधेसी आणि मुस्लिम शेतकरी. विहार आहेत ते जपान, थायलंड, म्यानमार, श्रीलंका, जर्मनी अशा देशांचे. आत्याला याचं फार वाईट वाटलं होतं. "जयभीम म्हटलं तर कुणाला कळलंच नाही," म्हणाली.

सहावी पायरी: मापं, घड्याळ, पैसा

जमीन तराईत बिघा, कट्ठा, धुरात मोजतात. २० धुरांचा कट्ठा, २० कट्ठ्यांचा बिघा. एक बिघा म्हणजे ६,७७२ चौरस मीटर, आपल्या हिशोबात जवळपास ६७ गुंठे. कट्ठा साधारण साडेतीन गुंठ्यांच्या आतबाहेर. डोंगरात हेच माप रोपनी आणि आन्यात बदलतं, आणि पाल्पाहून उतरलेला माणूस अजून कधी कधी रोपनीत बोलतो, तेव्हा विचारून घ्या.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. तारखा विक्रम संवतात: २०२१ ची जनगणना तिथल्या कागदावर २०७८ ची आहे. वर्ष एप्रिलच्या मध्याला बदलतं, म्हणून वजाबाकी कधी ५६ ची, कधी ५७ ची. शनिवारी कचेऱ्या बंद असतात.

भारतीय शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ. भाव सांगितला की लगेच "आयसी की एनसी?" विचारा, म्हणजे भारतीय की नेपाळी. हा प्रश्न न विचारल्यामुळे मी पहिल्याच दिवशी जेवणाचे दीडपट पैसे मोजले. भारतीय मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, म्हणून शंभराच्या नोटा जवळ ठेवा. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, फक्त आधारवर विसंबू नका. स्वतःची गाडी असेल तर बेलहियाला भन्सार, म्हणजे जकात कार्यालयात, परवाना काढावा लागतो. पायी येणाऱ्याला मात्र कमानीखाली बहुधा कुणी हटकत नाही. एका पायाने देश बदलल्याचं कळतही नाही.

हवामानाचं थोडक्यात: एप्रिल ते जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि लू वाहते. जून ते सप्टेंबर पाऊस. डिसेंबर-जानेवारीत शीतलहर येते, म्हणजे दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. भैरहव्याचा गौतम बुद्ध विमानतळ मे २०२२ पासून आंतरराष्ट्रीय झाला, पण धुक्यापुढे त्याचं फारसं चालत नाही. फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.

सातवी पायरी: दोन दिवस काढा आणि खालून वर जा

पहिल्या दिवशी भैरहव्याहून पश्चिमेला वीस-बावीस किलोमीटरवर लुंबिनी. १९९७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. जपानी वास्तुविशारद केन्झो तांगे यांनी १९७८ मध्ये आखलेला आराखडा दक्षिणोत्तर तीन मैल लांब, एक मैल रुंद आहे. तो साकारताना आतली गावं हलवण्यात आली. मायादेवी मंदिरालगतच्या स्तंभाकडे भूगोलाच्या नजरेने बघा. ब्राह्मीतल्या त्या चार-पाच ओळींत अशोक दोन गोष्टी सांगतो: इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले, आणि म्हणून लुंबिनी गावाचा बली कर माफ केला, उत्पन्नाचा आठवा हिस्साच घ्यायचा. 'लुंमिनि गामे' असा शब्द आहे तिथे. या जिल्ह्यातल्या एका गावाच्या सारामाफीचा सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा कागद, फक्त दगडावरचा. बाहेरच्या भातखाचरांत सारस क्रौंचांची जोडी दिसली तर थांबा. हा पट्टा त्यांच्यासाठी नावाजलेला आहे.

वेळ असेल तर दक्षिणेला मर्चवारकडे वळा. पर्यटक इकडे येत नाहीत. जमीन सोन्यासारखी, पण सगळ्या नद्यांचं पाणी शेवटी इथे येतं. सीमेपलीकडच्या बांधांमुळे ते तुंबतं ही इथली जुनी तक्रार. उत्तरेतल्या भावरात विहिरीला पाणी लागत नाही आणि पंचवीस-तीस किलोमीटर खाली पावसाळ्यात उंबऱ्याशी पाणी येतं, तेही एकाच जिल्ह्यात. पूर्वेला रोहिणी नदी. डॉ. आंबेडकरांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे शाक्य आणि कोलियांमधला जो पाण्याचा तंटा मांडला, तो या रोहिणीचा. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत ही नदी नावाने माहीत असते. प्रत्यक्षात ती इतकी साधी आहे की पुलावरून गाडी जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरहव्याहून बुटवलची बस पकडा आणि डावीकडच्या खिडकीशी बसा. सिमेंटचे कारखाने, गोदामं, मग मणिग्राम, मग योगीकुटी. हळूहळू दुकानांच्या पाट्यांवरची आडनावं बदलतात. गुप्ता, जैसवाल मागे पडतात आणि पाण्डे, भुसाल, थापा, गाहा लागतात. बुटवलला उतरून तिनाऊच्या पश्चिम काठावर जितगढीचे अवशेष बघा. बुटवलच्या मुलखाचा महसूल कुणी गोळा करायचा या वादातून १८१४ मध्ये इंग्रज-नेपाळ युद्ध पेटलं आणि नेपाळी सेनानी उजीरसिंह थापांनी इंग्रजांना अडवलं ते इथे.

मग पुलावर उभे राहा. पाठीमागे चुरेचा कडा, समोर दक्षिणेला पसरत गेलेलं सपाट, धुरकट मैदान. पुलाजवळच्या चौकात पाल्पा-गुल्मीहून उतरलेल्या जीपा थांबतात. टपावर तांदळाची गोणी, आल्याची पोती, एखादं कपाट. त्यांतून उतरणाऱ्यांपैकी कोण बाजार करून संध्याकाळी वर परत जाणार आणि कोण राहायला आलं आहे, ते सामानावरून ओळखता येतं.